घरातलं हायस्कूल आणि कॉलेजची क्रेडिट्स: टेक्ससमधली वाट, पहिल्या कागदापासून शेवटच्या नोंदीपर्यंत

क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजलं जाणारं अभ्यासाचं एकक, मिळणं वेगळं आणि ते पदवीत लागणं वेगळं. घरी शिकणाऱ्या मुलांनी हायस्कूलच्या वयातच कॉलेजची क्रेडिट्स कमवायची, तर हा फरक आधी डोक्यात पक्का बसायला हवा. पुढच्या बहुतेक चुका तो न कळल्यामुळे होतात. परीक्षा पास झाली किंवा कॉलेजच्या वर्गात ए आला की क्रेडिट मिळालं. पण मूल पुढे ज्या विद्यापीठात पदवीला जाईल, तिथल्या रजिस्ट्रारने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, ते आपल्या कोणत्या विषयाच्या जागी धरलं, यावर ते लागलं की नाही हे ठरतं. चाळीस क्रेडिट्स घेऊन गेलेल्या मुलाची पंधराच पदवीत बसतात आणि बाकीची ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे ऐच्छिक विषय, या शिक्क्याखाली पडून राहतात, तेव्हा मुलाच्या दोन वर्षांच्या कष्टांचं फार वाईट वाटतं. ते टाळता येतं. त्यासाठी कामाला शेवटाकडून सुरुवात करावी लागते.

अमेरिकेत घरच्या शिक्षणाचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून सरसकट सल्ल्याचा उपयोग होत नाही. इथे जे लिहिलंय ते टेक्ससचं आहे. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्कोकडे, ह्यूस्टन आणि ऑस्टिनच्या आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि त्यातली काही मुलांना घरी शिकवतात. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लीपर खटल्यात घरची शाळा ही खाजगी शाळाच धरायची हे कायम केलं. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे पाच विषय खरोखर शिकवले जायला हवेत, अभ्यासक्रम दाखवता येईल असा हवा. कुठे नोंदणी नाही, वर्षाची सरकारी तपासणी नाही. मूल आधी सरकारी शाळेत असेल तर तिथे नाव काढल्याचं पत्र मात्र लेखी द्यायचं आणि त्याची प्रत ठेवायची. हे स्वातंत्र्य मोठं आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की मुलाच्या चार वर्षांचा प्रत्येक कागद तुम्हालाच तयार करावा लागतो. कॉलेजच्या खिडकीवर ‘शाळेचा दाखला’ मागतात, तेव्हा शाळा म्हणजे तुमचं जेवणाचं टेबल असतं.

४२ तासांचा नकाशा

चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत त्यातले ४२ तास (क्रेडिटलाच इथे तासही म्हणतात) सगळ्यांना समान असलेल्या ‘कोअर’चे असतात: लेखन-संवादाचे ६, गणिताचे ३, विज्ञानाचे ६, भाषा-तत्त्वज्ञान-संस्कृतीचे ३, कलांचे ३, अमेरिकन इतिहासाचे ६, शासनव्यवस्थेचे ६, समाजशास्त्रांचे ३ आणि कॉलेजने ठरवलेल्या पर्यायाचे ६. घरी शिकणाऱ्या मुलाने आधी या ४२ तासांवरच नजर ठेवावी. हे तास पदवीत लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

टेक्ससमध्ये विषयांना सामाईक क्रमांक आहेत, आणि ते वाचता आले की अर्धं काम सोपं होतं. चार आकड्यांतला पहिला आकडा वर्षाची पातळी सांगतो, दुसरा क्रेडिट सांगतो. इंग्लिश १३०१ म्हणजे पहिल्या वर्षाच्या पातळीचा तीन क्रेडिटचा विषय. बायॉलॉजी १४०६ म्हणजे प्रयोगशाळेसह चार क्रेडिटचा. कम्युनिटी कॉलेजमधला, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमधला, इतिहास १३०१ आणि विद्यापीठातला त्याच क्रमांकाचा विषय एकमेकांच्या जागी चालतात. विद्यापीठाने स्वतःचा वेगळा क्रमांक दिला असेल तर त्याच्या कॅटलॉगमध्ये सामाईक क्रमांक शेजारी दिलेला असतो. सगळा ४२ तासांचा कोअर एकाच कॉलेजातून पुरा झाला आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या विषयांच्या अधिकृत गुणपत्रकावर, ‘कोअर कम्प्लीट’ अशी नोंद आली, की राज्यातल्या सरकारी विद्यापीठाला तो पूर्ण गठ्ठा म्हणून स्वीकारावा लागतो. ही नोंद आपोआप येईलच असं धरून चालू नये, रजिस्ट्रारकडे विचारून खात्री करावी.

म्हणून आठवी संपताना एक कोरा कागद घ्यायचा. डावीकडे मूल जिथे जाण्याची शक्यता आहे अशी तीन विद्यापीठं, वर कोअरचे विषय, आणि प्रत्येक चौकटीत त्या विद्यापीठाने स्वतः लिहिलेली अट: कोणती परीक्षा चालते, किती गुण लागतात, कोणत्या क्रमांकाला धरतात. ही माहिती विद्यापीठाच्या टेस्टिंग किंवा रजिस्ट्रारच्या पानावर असते. दर वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा तपासायची, कारण अटी बदलतात. मोठ्या खाजगी विद्यापीठांचं वेगळं असतं. हार्वर्डसारख्या ठिकाणी हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेजच्या विषयांची क्रेडिट्स धरत नाहीत. तिथे त्या अभ्यासाचा उपयोग प्रवेशाच्या अर्जात दिसतो, पदवी लवकर संपवण्यात नाही.

इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कॉलेज अल्जेब्रा, म्हणजे गणित १३१४, त्यांच्या पदवीत बसत नाही. त्यांचं गणित कॅल्क्युलस १ पासून, म्हणजे २४१३ पासून मोजलं जातं, आणि फिजिक्सही कॅल्क्युलसवर आधारलेलंच लागतं. शिवाय ४२ तास आधीच संपवून गेलेल्या मुलाला पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस, केमिस्ट्री, प्रोग्रामिंग आणि इंजिनिअरिंगचा पहिला विषय असे चारही जड विषय एकदम घ्यावे लागतात. बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठी पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ क्रेडिट्स, घ्यावीच लागतात आणि हलका विषय उरलेलाच नसतो. म्हणून इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी कोअरमधले दोन-तीन विषय मुद्दाम शिल्लक ठेवावेत, असं आमचं ठाम मत आहे.

कागदपत्रं, आणि नावाची भानगड

घरचं ट्रान्सक्रिप्ट नववीच्या पहिल्या दिवसापासून लिहायला घ्यावं. एका पानात बसतं: वर्ष, विषय, क्रेडिट, श्रेणी, शेवटी एकूण जीपीए (श्रेणींची सरासरी) आणि पदवीदानाची तारीख, खाली पालकाची सही. साधारण १२० ते १५० तासांचा अभ्यास म्हणजे हायस्कूलचं एक क्रेडिट. कॉलेजमध्ये घेतलेला विषयही या ट्रान्सक्रिप्टवर येतो. टेक्ससच्या सरकारी शाळांत एका सेमिस्टरच्या कॉलेज-विषयाला साधारण अर्धं क्रेडिट धरतात, घरी शिकवणारे पुष्कळ पालक पूर्ण एक धरतात. कोणतंही धरा, पण चारही वर्षं एकच नियम ठेवा आणि तो ट्रान्सक्रिप्टच्या तळाशी एका ओळीत लिहा.

मराठीचंही इथे नीट स्थान आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत मूल जात असेल, परीक्षा देत असेल, तर तासांची नोंद आणि निकाल जोडून मराठी हा परभाषेचा विषय म्हणून घरच्या ट्रान्सक्रिप्टवर लिहिता येतो. कॉलेजच्या क्रेडिटसाठी मात्र क्लेपमध्ये, म्हणजे परीक्षा देऊन क्रेडिट मिळवण्याच्या योजनेत, स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन याच भाषा आहेत.

आता नाव. भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये पुष्कळदा मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव छापलेलं असतं. क्लेप आणि एसएटीसारख्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या खात्यावर वडिलांचं नाव गाळलं, कम्युनिटी कॉलेजच्या अर्जावर ते मधलं नाव म्हणून टाकलं, आणि एसएटी या कॉलेज-प्रवेशपरीक्षेला आडनावाचं स्पेलिंग वेगळं पडलं, की एकाच मुलाच्या तीन नोंदी तयार होतात. मग गुण पाठवले तरी विद्यापीठाच्या संगणकाला ते कुणाचे हे कळत नाही. पासपोर्टवर जे आहे ते, अक्षर न् अक्षर, सगळीकडे. परीक्षा-केंद्रावर ओळखपत्र म्हणूनही पासपोर्टच सोयीचा पडतो, कारण घरच्या शाळेचं ओळखपत्र तिथे चालत नाही.

क्लेप: पहिलं पाऊल इथे टाकावं

कॉलेज बोर्डाच्या क्लेप परीक्षा ३४ विषयांत आहेत. वयाची किंवा इयत्तेची अट नाही. बहुतेक परीक्षा ९० मिनिटांच्या, संगणकावर, मुख्यतः बहुपर्यायी. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. गुण २० ते ८० मध्ये मिळतात आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस ५० ला क्रेडिट देण्याची आहे. ५० म्हणजे पन्नास टक्के नव्हेत, तो रूपांतर केलेला आकडा आहे. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आत असते, केंद्र स्वतःची फी वेगळी घेतं. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा त्या विषयाचा मोफत ऑनलाइन कोर्स पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. घरात दोन-तीन मुलं असतील तर ही बचत मोठी आहे.

सुरुवात क्लेपने करायची ती एका कारणासाठी: इथे ए-बी-सी अशी श्रेणी नसते, त्यामुळे कॉलेजच्या जीपीएला धक्का लागत नाही. परीक्षा बिघडली तर तीन महिन्यांनी पुन्हा देता येते. चौदा वर्षांच्या मुलाला कॉलेजच्या पातळीचा अंदाज येण्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही.

विषयांचा क्रम महत्त्वाचा. जो विषय घरी वर्षभर शिकून झाला आहे, त्याची परीक्षा तो ताजा असतानाच, मे-जूनमध्ये द्यावी. अमेरिकन इतिहास १ ची परीक्षा वसाहतींपासून १८७७ पर्यंत, इतिहास २ ची १८६५ पासून आजपर्यंत, आणि दोन्हींत ९० मिनिटांत सुमारे १२० प्रश्न. एका प्रश्नाला पाऊण मिनिट. इथे वाचनाचा वेग लागतो, आणि भारतात शिकलेल्या आईबाबांना हा इतिहास स्वतःला नवा असल्यामुळे घरात त्याची चर्चा कमी झालेली असते. मुलाने दहा मिनिटांत पंधरा प्रश्न असा सराव आधी करावा. अमेरिकन गव्हर्नमेंटची क्लेप शासनव्यवस्था २३०५ ला धरतात. २३०६ म्हणजे टेक्ससची शासनव्यवस्था, तिच्यासाठी क्लेप नाही. तो विषय कॉलेजातच घ्यावा लागतो. हे उशिरा लक्षात आलं की नेमका तोच एक विषय राहून कोअर अपुरा राहतो.

कॉलेज अल्जेब्राची परीक्षा जवळून बघू. साठेक प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. कॅल्क्युलेटर पडद्यावरच असतो, हातात स्वतःचा नेता येत नाही. माउसने बटणं दाबत घातांक आणि मुळं काढायला वेळ लागतो, म्हणून तो आधी घरी सरावून घ्यायचा. आपल्या मुलांचं हिशेबाचं अंग पक्कं असतं, समीकरणं भराभर सुटतात. अडतं ते फंक्शन्समध्ये, आणि परीक्षेचा सुमारे ३० टक्के भाग त्याचाच आहे. आलेख दोन घरं उजवीकडे आणि एक घर खाली सरकला तर सूत्र काय होईल, व्यस्त फंक्शनची डोमेन कोणती, लॉगॅरिदमच्या आत शून्य का चालत नाही, असे प्रश्न. उजवीकडे सरकवायला एक्समधून वजा करायचं, ही उलटी वाटणारी गोष्ट पाठ करून टिकत नाही. मुलाने कागदावर पाच बिंदू घेऊन स्वतः सरकवून पाहिलं की टिकते. केंद्रावर कच्चा कागद मिळतो. पहिल्या मिनिटातच त्यावर ती सूत्रं उतरवून ठेवावीत. शेवटी पडद्यावर गुण लगेच दिसतात.

निबंधाच्या परीक्षेत दोन नावं सारखी दिसतात आणि तिथे फसगत होते. ‘कॉलेज कॉम्पोझिशन’मध्ये ५५ मिनिटांचे बहुपर्यायी प्रश्न आणि ७० मिनिटांत दोन निबंध असतात. ‘कॉलेज कॉम्पोझिशन मॉड्युलर’ वेगळी. विद्यापीठ कोणती घेतं हे आपल्या त्या कागदावर लिहिलेलं हवं. खरं सांगायचं तर इंग्लिश १३०१ आणि १३०२ क्लेपने उडवू नयेत. पुढे चार वर्षं मुलाला अहवाल आणि प्रबंध लिहायचे असतात, आणि घरी आईबाबांनी तपासलेलं लेखन व परक्या प्राध्यापकाने लाल शेऱ्यांनी भरून परत दिलेलं लेखन यांत फार फरक असतो. ते दोन विषय वर्गात बसूनच करावेत.

निकाल पाठवण्याबद्दल: नोंदणी करताना एक कॉलेज निवडलं तर तिथे निकाल फुकट जातो, नंतर पाठवायला पैसे पडतात. नववीतल्या मुलाचं विद्यापीठ ठरलेलं नसतं, तेव्हा नंतर पाठवणंच बरं. कॉलेज बोर्ड क्लेपचे गुण २० वर्षं जपून ठेवतं.

एपीबद्दल, म्हणजे कॉलेज बोर्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांबद्दल, थोडक्यात. परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५, आणि घरची शाळा स्वतः ती घेऊ शकत नाही. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे सरकारी शाळांच्या जिल्ह्याने आपल्या हद्दीतल्या घरी शिकणाऱ्या मुलांना पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा) आणि एपीला बसू द्यायचं असतं, पण परीक्षेची मागणी नोव्हेंबरातच जाते. ऑगस्ट-सप्टेंबरात शाळेच्या एपी समन्वयकाला ईमेल गेला नसेल, तर मार्चमधला फोन कामाचा नाही. घरच्या अभ्यासक्रमाला ट्रान्सक्रिप्टवर ‘एपी’ म्हणायचं असेल तर सिलॅबस कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. तसं नसेल तर विषयाचं साधं नाव लिहावं आणि एपीचे गुण वेगळे दाखवावेत.

ड्युअल क्रेडिट: इथे लिहिलेलं पुसत नाही

ड्युअल क्रेडिट म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा विषय घेऊन दोन्हीकडे क्रेडिट मिळवणं. डॅलस कॉलेज, कॉलिन कॉलेज, ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेज, लोन स्टार, ऑस्टिन कम्युनिटी कॉलेज ही मोठी नावं. आपण ज्या कॉलेज-जिल्ह्यात राहतो तिथली फी कमी असते, सीमेपलीकडच्या रस्त्यावरचं घर असलं की वाढते. पत्त्याचा पुरावा म्हणून लागणारे कागद आधीच काढून ठेवावेत.

अर्ज कॉलेज सांगेल त्या संकेतस्थळावर भरायचा: अप्लायटेक्सस या राज्याच्या सामाईक अर्जाच्या संकेतस्थळावर किंवा कॉलेजच्या स्वतःच्या. तिथे ‘ड्युअल क्रेडिट’चा प्रकार निवडायचा, नेहमीच्या प्रवेशाचा नाही. चुकीचा प्रकार निवडला की मूल हायस्कूल झालेला विद्यार्थी म्हणून नोंदलं जातं आणि ते निस्तरायला दोन-तीन आठवडे जातात. परवानगीच्या फॉर्मवर मुख्याध्यापक आणि समुपदेशक या दोन्ही जागी पालकाची सही चालते, सोबत घरचं ट्रान्सक्रिप्ट.

मग टीएसआय, म्हणजे मूल कॉलेजच्या अभ्यासाला तयार आहे का हे तपासणारी टेक्ससची परीक्षा. वाचन-लेखनात ९४५ आणि निबंधाला ५, गणितात ९५० मिळाले की कॉलेजच्या विषयांना मोकळीक. कमी पडले तर लगेच पुढची निदान चाचणी सुरू होते, आणि तिच्यातही पुरेशी पातळी आली तर चालतं. परीक्षेआधी एक छोटी ऑनलाइन तयारी-कृती सक्तीची आहे. ती न करता गेलेलं मूल केंद्रावरून परत येतं. एसएटीत वाचन-लेखनाला ४८० आणि गणितात ५३० असतील तर टीएसआय द्यावीच लागत नाही, म्हणून पुष्कळ जण दहावीत एसएटी उरकतात.

यानंतर हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे मेनिंजायटिसची लस. टेक्ससमध्ये २२ वर्षांखालच्या, कॅम्पसवर येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याने ही लस मागच्या पाच वर्षांत आणि सत्र सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. मूल अकराव्या-बाराव्या वर्षी लस घेऊन आलेलं असतं, आणि सतराव्या वर्षी ती पाच वर्षांबाहेर गेलेली असते. नोंदणीवर ‘होल्ड’ लागतो, हवा तो वर्ग भरून जातो. अर्ज भरताच लसीची तारीख बघावी. सगळे विषय ऑनलाइन असतील तर ही अट लागत नाही.

पहिल्या सेमिस्टरला एकच विषय, १६ आठवड्यांचा, आणि मुलाला आवडणारा. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि साधारण सहा तास अभ्यास. तोच विषय आठ आठवड्यांच्या सत्रात घेतला तर आठवड्याला अठरा तास. ‘लवकर संपेल’ म्हणून आठ आठवड्यांचा वर्ग निवडणं ही पहिल्या सेमिस्टरमधली सगळ्यात महागात पडणारी निवड. विज्ञानाचा प्रयोगशाळेचा विषय दुसऱ्या वर्षीच घ्यावा, आणि डॉक्टर व्हायचं मनात असेल तर प्रयोगशाळा प्रत्यक्ष, ऑनलाइन नाही.

सिलॅबस हातात आला की मुलाने आणि पालकाने शेजारी बसून तो एकदा तरी मोठ्याने वाचावा. समजा लिहिलंय: चार निबंध प्रत्येकी १५ टक्के, वर्गातलं काम १५, अंतिम परीक्षा २५, उशिरा आलेलं काम घेतलं जाणार नाही. आता हिशेब करा. तिसऱ्या आठवड्यातला पहिला निबंध रात्री ११:५९ ऐवजी १२:०५ ला पाठवला, तर त्याचे १५ गेले. उरलेलं सगळं निर्दोष केलं तरी जास्तीत जास्त ८५, म्हणजे बी. घरी शिकणाऱ्या मुलाने आजवर मुदती आईशी बोलून पुढे ढकललेल्या असतात. त्याला ही सहा मिनिटं कागदावर मांडून दाखवली की पटतं. त्याच सिलॅबसमध्ये आणखी चार गोष्टी अधोरेखित कराव्यात: हजेरीचा नियम, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षा, एआयच्या वापराबद्दलचं वाक्य आणि विषय सोडण्याची शेवटची तारीख.

विषय सोडायचे दोन टप्पे असतात. मोठ्या सत्रात बाराव्या ‘क्लास डे’पर्यंत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच राहत नाही. हा बारावा दिवस कॉलेजच्या सत्राचा, आपल्या विषयाचा बारावा तास नव्हे. आठवड्यात दोनदा भरणाऱ्या वर्गाचे तोवर पाचेक तासच झालेले असतात. छोट्या सत्रात ही तारीख आणखी लवकर येते. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत सोडला तर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची नोंद) लागतो, आणि नुसतं जाणं बंद केलं तर एफ, म्हणजे नापास. मूल लाजेने सांगत नाही आणि न सांगता वर्ग सोडून देतं, असं होऊ शकतं, म्हणून पाचव्या आठवड्यात गुण शांतपणे एकत्र बघायचे आणि सी दिसत असेल तर वेळेत ‘डब्ल्यू’ घ्यायचा. टेक्ससमध्ये पदवीच्या काळात सहाच विषय सोडता येतात, पण हायस्कूलमध्ये असताना सोडलेले त्यात मोजत नाहीत.

ही श्रेणी का जपायची? हे कॉलेजचं खरंखुरं ट्रान्सक्रिप्ट असतं आणि ते आयुष्यभर राहतं. मेडिकलला अर्ज करताना, टेक्ससची टीएमडीएसएएस ही अर्जसेवा असो की देशभरची एएमसीएएस, पंधराव्या वर्षी घेतलेल्या विषयाची श्रेणीही मागतात आणि जीपीएत धरतात. म्हणून मूल तयार नसेल तर एक वर्ष थांबण्यात काही बिघडत नाही.

आणि पालकांनी प्राध्यापकाला फोन करायचा नाही. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने कॉलेजात नाव घातल्या दिवसापासून नोंदींचा हक्क मुलाचा असतो, वय काहीही असो. प्राध्यापक गुण सांगणार नाहीत. मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर रोज काय येतं ते त्यानेच बघायचं, प्रश्न त्यानेच विचारायचे. पहिले दोन ईमेल कसे लिहायचे हे घरी बसून शिकवावं: विषयाच्या ओळीत वर्गाचा क्रमांक, एकच प्रश्न, खाली पूर्ण नाव.

इतर राज्यांत वाट वेगळी. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस ही ड्युअल क्रेडिटची योजना सातवीपासून खुलं आहे आणि घरच्या मुलांना निधीसाठी वेगळा अर्ज ठरलेल्या मुदतीत करावा लागतो. फ्लोरिडात कॉलेजशी घरच्या शिक्षणाचा करार करून फीशिवाय विषय घेता येतात. कॅलिफोर्नियात ऑक्टोबरात खाजगी शाळेचं प्रतिज्ञापत्र भरलं असेल तर मुख्याध्यापकाच्या जागी पालक सही करतात. मुदती तिथल्याच बघाव्यात.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेल्या घरांसाठी हे सगळं जास्त मोलाचं आहे. एच-४ वर मुलाला कम्युनिटी कॉलेजात शिकता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही, आणि टेक्ससमध्ये फीसाठी राज्याचे रहिवासी ठरताही येतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र मिळत नाही, आणि २१ व्या वाढदिवसाला एच-४ संपतो. पदवीतली दोन सेमिस्टर आधीच झालेली असतील, तर त्या तारखेच्या आत उरणारं शिक्षण कमी होतं. अर्ज करताना व्हिसाची मुदत आणि पासपोर्टची मुदत दोन्ही बघावी. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी कॉलेज स्वतःचा विद्यार्थी क्रमांक देतं. ती जागा रिकामी सोडायची, दुसरा कुठला क्रमांक टाकायचा नाही.

विद्यापीठात गेल्यावर

विद्यापीठाचा अर्ज फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा नवा विद्यार्थी, म्हणूनच भरायचा, क्रेडिट्स कितीही असोत. हायस्कूल संपण्याआधी मिळवलेल्या क्रेडिट्समुळे मूल ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला विद्यार्थी, ठरत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या मोठ्या शिष्यवृत्त्या फ्रेशमनसाठीच असतात. इथे घरच्या ट्रान्सक्रिप्टवरची पदवीदानाची तारीख निर्णायक ठरते. ती मागच्या वर्षाची टाकली आणि त्यानंतर कॉलेजचे विषय झाले, तर ते हायस्कूलनंतरचे समजले जातात. शेवटचा ड्युअल क्रेडिट विषय संपल्यानंतरची तारीख टाकावी.

ट्रान्सक्रिप्ट प्रत्येक कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून थेट जायला हवं, घरून पाठवलेली पीडीएफ धरत नाहीत. एकाच विषयासाठी दुसऱ्या कॉलेजात नाव घातलं असेल तर त्याचंही. क्लेप आणि एपीचे गुण कॉलेज बोर्डाकडून. काही विद्यापीठांत परीक्षेचं क्रेडिट आपोआप चढत नाही, विद्यार्थ्याने ते स्वतः ‘क्लेम’ करावं लागतं. तिथे घाई करू नये. आधी ॲडव्हायझरला पदवीचा आराखडा दाखवून, जे लागतंय तेवढंच घ्यावं.

ऑगस्टच्या आधी पदवीचं ऑडिट, म्हणजे कोणतं क्रेडिट कुठे धरलं हे दाखवणारा विद्यापीठाचा तक्ता, उघडून आठवीत केलेला तो कागद शेजारी ठेवावा आणि एकेक ओळ जुळवावी. जिथे क्रमांकाऐवजी नुसतं ‘इलेक्टिव्ह’ दिसेल, तिथे विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. अर्जासोबत मागतात तो सिलॅबस: ज्या सेमिस्टरला विषय घेतला त्याच सेमिस्टरचा, आठवड्यागणिक विषय, पुस्तकाचं नाव आणि गुणविभागणी असलेला. कॉलेजच्या संकेतस्थळावर सत्र संपल्यावर तो बहुधा दिसत नाही आणि मुलाचं त्या वर्गाचं पान बंद होतं. म्हणून प्रत्येक सत्राच्या पहिल्या आठवड्यातच सिलॅबसची पीडीएफ उतरवून घ्यायची, नावात वर्ष, सत्र आणि विषयाचा क्रमांक घालायचा, आणि शेवटचा मोठा निबंध किंवा प्रयोगवही त्याच फोल्डरमध्ये ठेवायची.